नॉक्टुआ एनएच-डी१५ : शांत संगणकासाठी मोठा एअर कूलर

शांत डेस्कटॉप संगणक जुळवायचा असे ठरवून सुट्या भागांची यादी करायला बसले की प्रोसेसर-कूलरच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या, रकान्यात एक नाव हटकून येते, ते म्हणजे ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीचा एनएच-डी१५. हा कूलर २०१४ साली बाजारात आला. त्याआधी २००९ सालच्या एनएच-डी१४ने जुळ्या मनोऱ्यांचा, म्हणजे धातूच्या पत्र्यांच्या दोन उभ्या गठ्ठ्यांचा, हा घाट रुळवला होता, आणि २०२४ साली एनएच-डी१५ जी२ ही सुधारित आवृत्ती आली. इतक्या जुन्या उत्पादनाचे परीक्षण आता करण्याचे कारण असे की, त्याच्याविषयी जे काही लिहिले गेले आहे त्यातील बहुतेक लेखन ‘पूर्ण गतीवर तापमान किती अंशांनी उतरते’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते, आणि शांततेच्या शोधात असलेल्या माणसाला नेमका तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. त्याला हवे असते ते वेगळेच उत्तर : आपल्या रोजच्या कामाच्या भाराखाली या कूलरचे पंखे किती हळू फिरवता येतात, आणि तसे फिरवले तर काही बिघडते का? मी हा कूलर कामाच्या संगणकात वापरतो आणि याच कसोटीवर त्याला तोलतो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या कूलरची क्षमता पूर्ण वापरायची नसेल तरच तो विकत घ्यावा.

हे विधान विचित्र वाटेल. पण पंख्याचे गणित पाहिले की ते पटते. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की त्यातून वाहणारी हवा साधारण निम्मी होते, त्याने निर्माण केलेला दाब एक चतुर्थांशावर येतो आणि त्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते. आवाज मात्र याहूनही झपाट्याने उतरतो. अभियंते वापरतात त्या ढोबळ नियमानुसार फेऱ्या निम्म्या झाल्या की आवाज सुमारे १५ डेसिबलने कमी होतो. दहा डेसिबलची घट कानाला साधारणपणे निम्म्या आवाजासारखी जाणवते, हे लक्षात घेतले तर हा सौदा किती फायद्याचा आहे ते कळेल : हवा निम्मी गमावली, पण आवाज निम्म्याहूनही बराच खाली गेला. म्हणजे ज्याच्याजवळ भरपूर राखीव क्षमता आहे त्यानेच हा सौदा करावा. लहान हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा गठ्ठा) असलेल्याला ती चैन परवडत नाही. त्याला तेवढीच उष्णता बाहेर काढायला पंखा जोरात फिरवावा लागतो.

आता प्रश्न उरतो तो इतक्या कमी हवेने भागते का, हा. एनएच-डी१५च्या एका पंख्याचा कागदावरचा कमाल प्रवाह ताशी १४० घनमीटर आहे. पत्र्यांच्या दाट जाळीतून प्रत्यक्षात तेवढी हवा कधीच जात नाही, म्हणून आपण त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ताशी ३५ घनमीटर, एवढाच धरू. प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकत असेल तर इतकी हवा हीटसिंकमधून बाहेर पडताना सुमारे साडेआठ अंशांनीच तापलेली असते. हवेची उष्णता वाहून नेण्याची ताकद या पातळीवर अडसर ठरत नाही. खरा अडसर असतो तो धातूकडून हवेकडे उष्णता सोपवण्याचा, आणि तिथे कामी येते ते पृष्ठफळ. एनएच-डी१५ हे नेमके तेच आहे : अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एक प्रचंड गठ्ठा, ज्याचे पृष्ठफळ एवढे मोठे आहे की संथ वाऱ्यानेही काम भागते.

वस्तू म्हणून तो कसा आहे, हेही पाहू. दोन मनोरे, त्यांतून जाणाऱ्या तांब्याच्या सहा हीटपाइप, दोन मनोऱ्यांच्या मध्ये एक आणि पुढच्या बाजूला एक असे १४० मिलिमीटरचे दोन पंखे. उंची १६५ मिलिमीटर, रुंदी १५० मिलिमीटर, आणि पंख्यांसह वजन १३२० ग्रॅम. हीटपाइप हा या सगळ्याचा खरा प्राण आहे. दिसायला ती साधी तांब्याची नळी असली तरी आतून ती हवा काढून बंद केलेली असते, तिच्या आतल्या भिंतीला सच्छिद्र अस्तर असते आणि त्यात अगदी थोडे पाणी असते. दाब कमी असल्यामुळे हे पाणी प्रोसेसरजवळच्या टोकाला कमी तापमानातच उकळते, त्याची वाफ नळीच्या थंड भागाकडे धावते, तिथे आपली उष्णता पत्र्यांना देऊन पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी अस्तरातल्या केशाकर्षणाने परत तळाकडे ओढले जाते. त्यात ना मोटर, ना पंप, ना आवाज. भरीव तांब्याच्या सळईला जे जमणार नाही ते ही पोकळ नळी करते, आणि ती बंद पडण्यासारखे तिच्यात जवळजवळ काही नाही.

आकाराची किंमत मात्र मोजावी लागते, आणि इथे खरेदीदाराने पट्टी घेऊन बसणे शहाणपणाचे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरसाठी दिलेली उंची १६५ मिलिमीटरपेक्षा जास्त हवी, हे पहिले. दुसरी आणि जास्त वेळा अडणारी गोष्ट म्हणजे रॅम. दोन्ही पंखे नेहमीच्या जागी बसवले तर पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटरच जागा उरते. साध्या, बुटक्या पट्ट्या तिथे मावतात, पण शोभेच्या दिव्यांच्या किंवा उंच पत्र्याच्या पट्ट्या मावत नाहीत. मग पुढचा पंखा तेवढा वर सरकवून बसवावा लागतो, आणि मग कूलरची एकूण उंची १६५च्या पुढे जाते. काहींच्या बाबतीत तेव्हा कॅबिनेटची काच लागत नाही. याला एक सोपा उपाय आहे : पुढचा पंखा काढूनच टाकायचा. एकाच, मधल्या पंख्यावर हा कूलर चालवला तर रॅमसाठी ६४ मिलिमीटर जागा मिळते, आणि मध्यम ताकदीच्या प्रोसेसरवर तापमानात पडणारा फरक थोड्या अंशांचाच असतो. शांत संगणकासाठी मला तर हीच मांडणी अधिक पटते, कारण आवाजाचा एक स्रोत मुळातूनच कमी होतो. पुढचा पंखा डब्यात ठेवून द्यावा. पुढे कधी जास्त तापणारा प्रोसेसर घेतला तर तो उपयोगी पडेल.

बसवण्याची पद्धत हा या कंपनीचा सर्वांत मजबूत मुद्दा आहे. बहुतेक कूलर बसवताना मनात धाकधूक असते : दाब जास्त तर पडणार नाही, एका बाजूला कलणार तर नाही? इथे आधी सॉकेटच्या, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खोबणीच्या, दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या बसतात. मग मधला पंखा काढून, हीटसिंक वरून ठेवून, दोन मनोऱ्यांच्या फटीतून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर खाली सोडायचा आणि स्प्रिंग असलेले दोन स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळत जायचे. ते एका ठरावीक जागी येऊन थांबतात. त्याच्या पुढे जात नाहीत, आणि दाब किती हवा याचा अंदाज बांधण्याचे काम आपल्यावर राहत नाही. पहिल्या स्क्रूला आटे सापडेपर्यंत दुसऱ्या बाजूने हीटसिंक किंचित उचलला जातो, तेव्हा तो बोटाने सपाट दाबून ठेवावा, नाहीतर खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातली फट भरणारा लेप) एका कडेला सरकते. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच, टेबलावर आडवा ठेवून हे काम उरकले तर बरे. प्रोसेसरच्या वीजजोडणीची आठ पिनांची तार तेवढी लक्षात ठेवावी. कूलर बसल्यावर त्या कोपऱ्यात हात जात नाही, म्हणून ती आधीच ओढून ठेवावी. पंखे अडकवण्याच्या तारेच्या क्लिपा मात्र मला कधीच आवडल्या नाहीत. त्या घट्ट बसतात आणि कंपनेही करीत नाहीत, हे खरे. पण मागच्या बाजूची क्लिप आंधळेपणाने चाचपत लावावी लागते आणि ती निसटली तर नखाला लागते.

आता प्रोसेसरकडे वळू, कारण कूलरविषयीच्या बऱ्याचशा निराशेचे मूळ तिथे असते. एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स घ्या. त्याच्या खोक्यावर १०५ वॅट लिहिलेले असले तरी सॉकेटमधून तो १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, आणि ९५ अंश ही त्याची मर्यादा आहे. या पिढीचे एक्स अक्षराचे प्रोसेसर असे आखलेले आहेत की मोठ्या भाराखाली वीज किंवा तापमान यांपैकी एखादी मर्यादा गाठेपर्यंत ते स्वतःला पुढे रेटत राहतात. एवढा मोठा कूलर लावूनही आकडा नव्वदीच्या घरात दिसतो तेव्हा लोक कूलरला दोष देतात. पण त्यातील बराचसा भाग चिपच्या आकाराचा आहे. या प्रोसेसरमधील गणन करणारी चिप सुमारे ७० चौरस मिलिमीटरची आहे. एवढ्याशा जागेतून शंभराहून अधिक वॅट बाहेर काढताना चिप आणि तिच्यावरचे धातूचे झाकण यांच्यामध्येच तापमानाचा मोठा टप्पा पडतो, आणि झाकणाच्या वर कितीही मोठा हीटसिंक ठेवला तरी तो टप्पा कमी होत नाही. शिवाय ही चिप झाकणाच्या मध्यभागी नसून एका कडेला असते; म्हणून नॉक्टुआने या सॉकेटसाठी कूलर ७ मिलिमीटर सरकवून बसवण्याच्या पट्ट्या काढल्या, आणि त्याने एक ते तीन अंशांचा फायदा होतो असे कंपनी सांगते. फुकटचे एक-दोन अंश म्हणून ते घ्यावेत, चमत्कार म्हणून नव्हे.

याहून कितीतरी मोठा फायदा एका पैशाचीही खरेदी न करता मिळतो. त्याच ७७००एक्सला बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून, ६५ वॅटच्या इको मोडवर (कमी वीज घेण्याच्या पर्यायावर) ठेवले की त्याची कमाल वीज ८८ वॅटवर येते. म्हणजे उष्णता दीडशेच्या जवळून नव्वदीच्या आत उतरते, तर बहुतेक कामांत गतीची घट त्या मानाने फारच किरकोळ असते, कारण शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठीच हे प्रोसेसर सर्वाधिक वीज जाळतात. इंटेलच्या कोअर आय९ १४९००केसारख्या प्रोसेसरची वरची मर्यादा २५३ वॅट आहे. तो त्या मर्यादेवर तासन्तास राबवायचा असेल तर एनएच-डी१५ ते सहन करील, पण शांतपणे नव्हे. वीज-मर्यादा खाली न आणता केवळ मोठा कूलर घेऊन शांतता विकत मिळेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

एवढे जमले की उरते ते फॅन कर्व्हचे, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा हे आखण्याचे, काम, आणि माझ्या मते शांत संगणक इथेच घडतो किंवा बिघडतो. मदरबोर्डवर कारखान्यातून आलेला कर्व्ह बहुधा उतावळा असतो. प्रोसेसरचे तापमान ही फार चंचल गोष्ट आहे. एखादे जड वेबपान उघडले तरी ते क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारते आणि लगेच खाली येते. पंखा या प्रत्येक उडीच्या मागे धावू लागला की दर काही सेकंदांनी आवाज चढतो-उतरतो, आणि कानाला हेच सर्वांत जास्त टोचते. एकसारखा, संथ आवाज काही मिनिटांत विसरला जातो. बदलणारा आवाज विसरला जात नाही. हीटसिंकचा धातू मात्र इतका जड आहे की तो तापायला बराच वेळ लागतो, म्हणजे त्या क्षणिक उडीला प्रतिसाद देण्याची पंख्याला काही गरजच नसते. त्यामुळे कर्व्ह साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत पूर्ण सपाट ठेवावा, त्यापुढे हळूहळू चढवावा, आणि बायोसमध्ये पंख्याची गती वाढण्यास विलंब लावण्याची जी सोय असते ती पुरेशी मोठी ठेवावी. तिचे नाव प्रत्येक मदरबोर्डवर वेगळे असते, पण ती सापडते. एनएच-डी१५चे पंखे मिनिटाला ३०० ते १५०० फेऱ्यांमध्ये चालतात. सपाट भाग ५०० ते ६०० फेऱ्यांवर ठेवला तर लेखन, वाचन, छायाचित्रांचे संपादन अशा कामांत तो पंखा ऐकू यायला कान कॅबिनेटजवळ न्यावा लागतो. गती कमी करण्यासाठी डब्यात दिलेली छोटी वायर, जी कमाल फेऱ्या १२०० वर आणते, ती पीडब्ल्यूएम नियंत्रण (पंख्याची गती मदरबोर्डवरूनच कमी-जास्त करण्याची सोय) असलेल्या मदरबोर्डवर लावण्याचे कारण मला दिसत नाही. जे काम बायोस करतो त्यासाठी तारेचा आणखी एक तुकडा कशाला?

सपाट भागासाठी नेमकी कोणती गती निवडायची, हे मात्र कागदावरून ठरत नाही. पंख्याच्या पात्यांची संख्या आणि फेऱ्या यांवरून एक मूळ सूर ठरतो : सात पात्यांचा हा पंखा ६०० फेऱ्यांवर ७० हर्ट्झचा, तर ९०० फेऱ्यांवर १०५ हर्ट्झचा सूर काढतो. कॅबिनेटचा एखादा पत्रा किंवा काच नेमक्या त्याच सुरावर किंवा त्याच्या पटीत थरथरू लागली की सगळे कॅबिनेट घुमू लागते, आणि गंमत म्हणजे फेऱ्या थोड्या वाढवल्या तर आवाज कमी होतो. हे शोधायची रीत सोपी आहे. रात्रीच्या वेळी, कॅबिनेटची दोन्ही दारे लावून, पंख्याची गती पन्नास-पन्नास फेऱ्यांनी वाढवत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून ऐकावे. जिथे गुणगुण अचानक वाढते तिथे बाजूच्या पत्र्यावर तळहात सपाट टेकवावा. गुणगुण थांबली तर दोष पंख्याचा नव्हे, पत्र्याचा आहे असे समजावे आणि कर्व्ह त्या गतीवर रेंगाळणार नाही अशा बेताने वळवावा. कंपनीने पंख्यासाठी दिलेला कमाल २४.६ डेसिबलचा आकडा या बाबतीत काहीच सांगत नाही, कारण तो ए-भारित, म्हणजे कानाला कमी ऐकू येणाऱ्या सुरांना कमी वजन देऊन काढलेला, असतो. या मोजमापात १०० हर्ट्झच्या सुराला सुमारे १९ डेसिबलची सूट मिळते. कान त्याला तेवढी सूट देईलही, पण टेबलावर टेकलेल्या कोपराला ती थरथर जाणवतेच.

दोन पंखे वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. दोन्ही पंख्यांना सारखीच आज्ञा दिली तरी ते तंतोतंत सारख्या गतीने फिरत नाहीत. एक १००० फेऱ्यांवर आणि दुसरा १०१० वर असेल तर त्यांच्या सुरांत एका हर्ट्झहून थोडा जास्त फरक पडतो, आणि दर सेकंदाला एकदा आवाज फुगल्यासारखा आणि ओसरल्यासारखा भासतो. एनएच-डी१५ जी२मध्ये कंपनीने यावर उपाय केला आहे : त्याचे दोन पंखे मुद्दाम सुमारे ५० फेऱ्यांच्या फरकाने फिरतील असे बनवलेले आहेत, जेणेकरून ही संथ लाट उठू नये. जुन्या आवृत्तीत हे काम आपल्याला करावे लागते. दोन पंखे मदरबोर्डच्या दोन वेगळ्या जोडण्यांवर लावून त्यांना जरा वेगळे कर्व्ह दिले की झाले.

कॅबिनेटचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील, कारण कूलर फक्त प्रोसेसरची उष्णता कॅबिनेटमधल्या हवेत सोडतो. ती हवा बाहेर काढणे दुसऱ्या कुणाचे तरी काम आहे. ग्राफिक्स कार्ड दोन-तीनशे वॅट ओतत असेल तर प्रोसेसरच्या कूलरला मिळणारी हवाच तापलेली असते, आणि मग राखीव क्षमता तिथेच खर्ची पडते. शांततेसाठी फोम लावलेली, पुढून बंद दाराची कॅबिनेट घेण्याची पद्धत जुनी आहे, आणि फ्रॅक्टल डिझाइनची डिफाइन ७ हे तिचे चांगले उदाहरण. तिच्यात १८५ मिलिमीटर उंचीपर्यंतचे कूलर मावतात, त्यामुळे एनएच-डी१५ला ऐसपैस जागा मिळते. पण फोम उंच सूर शोषतो, खालचे सूर त्यातून सहज पार होतात. आणि बंद दारामागच्या पंख्याला तेवढीच हवा ओढायला अधिक फेरे घ्यावे लागतात. ग्राफिक्स कार्ड मोठे असेल तर मी जाळीच्या तोंडाची कॅबिनेट निवडीन आणि पुढे १४० मिलिमीटरचे तीन पंखे संथ गतीवर ठेवीन. तीन पंखे म्हणजे तिप्पट आवाज, ही भीती निराधार आहे. एकसारखे तीन स्रोत एकत्र आले की आवाज फक्त पावणेपाच डेसिबलने वाढतो, आणि त्यांची गती निम्मी ठेवली तर प्रत्येकाचा आवाज १५ डेसिबलने उतरलेला असतो. म्हणजे एका जोरात फिरणाऱ्या पंख्यापेक्षा दीडपट हवा मिळते आणि तरीही आवाज दहा डेसिबलने कमी. हे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला जोडू नयेत. एक तर स्थिर गतीवर सोडावेत, नाहीतर मदरबोर्डच्या तापमानाला जोडावेत, कारण ते सावकाश बदलते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त राहील असे पाहिले तर धूळही फटींतून न येता गाळणीवरच अडते.

प्रोसेसरचा पंखा एकदा ऐकू येईनासा झाला की आतापर्यंत त्याच्या आड दडलेले बाकीचे आवाज पुढे येतात, याची तयारी ठेवावी. ग्राफिक्स कार्डाचे पंखे कमी भाराखाली थांबतात की नाही, ते खरेदीआधी पाहावे. काही कार्डांची आणि एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची) कॉइल भाराखाली बारीक चिरचिर करते, त्यावर कूलरचा काही इलाज चालत नाही. हार्ड डिस्क असेल तर ७२०० फेऱ्यांची चकती १२० हर्ट्झची गुणगुण कॅबिनेटच्या पत्र्यात सोडते. ती रबरी बैठकीवर ठेवावी, किंवा शक्य असेल तर घरातल्या नेटवर्कवर दुसरीकडे हलवून संगणकात फक्त एसएसडी ठेवावी. वॉटर कूलिंगविषयी एवढेच म्हणेन की अडीचशे वॅटच्या पुढचा भार सतत वाहायचा असेल तर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर या कूलरला मागे टाकतो. पण त्याचा पंप संगणक रिकामा बसलेला असतानाही फिरत राहतो, आणि डेस्कटॉपचा बहुतेक वेळ रिकामा बसण्यातच जातो.

प्रतिस्पर्ध्यांचा विचार केला तर नॉक्टुआच्या बाजूने बोलणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० हाही सहा हीटपाइपांचा, जुळ्या मनोऱ्यांचा कूलर आहे. १२० मिलिमीटरचे दोन पंखे, १५७ मिलिमीटर उंची, आणि किंमत एनएच-डी१५च्या कितीतरी खाली. सारख्या आवाजावर दोघांची तुलना केली तर तापमानात पडणारे अंतर थोडकेच असते, आणि ते अंतर भरून काढायला किमतीतला फरक पुरेसा आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मग जास्त पैसे कशासाठी? एक तर पंख्यांच्या बेअरिंगसाठी. ४००-५०० फेऱ्यांवर, जिथे वाऱ्याचा आवाज संपलेला असतो, तिथे स्वस्त पंख्यांची मोटर टिकटिकते किंवा खरखरते. नॉक्टुआच्या पंख्यांत तो आवाज कान लावूनही क्वचितच सापडतो, आणि ज्याला पंखे त्याच गतीवर चालवायचे आहेत त्याच्यासाठी हा फरक निर्णायक आहे. दुसरे, सहा वर्षांची हमी. तपकिरी आणि फिक्या पिवळसर रंगाचे पंखे अनेकांना खपत नाहीत. त्यांच्यासाठी २०१९पासून पूर्ण काळी आवृत्ती मिळते.

जी२ घ्यावा की जुना, हा प्रश्न बहुतेकांसाठी प्रोसेसरच्या वॅटवर सुटतो. नव्या आवृत्तीत आठ हीटपाइप आहेत, उंची १६८ मिलिमीटर आणि वजन सुमारे दीड किलो. तळाचा वक्र वेगवेगळा असलेले तिचे तीन प्रकार मिळतात : एक सर्वसाधारण, एक एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या प्रोसेसरांसारख्या सपाट झाकणांसाठी कमी फुगीर, आणि एक इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटच्या दाबाने वाकणाऱ्या झाकणांसाठी जास्त फुगीर. हे अभियांत्रिकी म्हणून सुंदर आहे, ग्राहक म्हणून गोंधळात टाकणारे. शंका असेल तर सर्वसाधारण प्रकारच घ्यावा. दीडशे वॅटच्या आत राहणाऱ्या संगणकाला जुना एनएच-डी१५ अजूनही पुरून उरतो, आणि तोही एकाच पंख्यावर.

कॅबिनेट उभी असली की हे सव्वा किलोचे वजन मदरबोर्डला आडवे लटकत असते. टेबलावर जागच्या जागी त्याने काही होत नाही. पण संगणक प्रवासात न्यायचा किंवा कुरिअरने पाठवायचा असेल तर कूलर काढून वेगळा न्यावा आणि पोहोचल्यावर नवी पेस्ट लावून बसवावा. मधूनमधून पंखे काढून पत्र्यांतली धूळ मऊ ब्रशने झाडावी, एवढीच त्याची देखभाल. सॉकेट बदलला तरी कूलर बदलावा लागत नाही : २०२१ साली एलजीए१७०० आला तेव्हा त्यासाठी वेगळे जोडसाहित्य लागले, आणि जुन्या ग्राहकांना ते कंपनीने मोफत दिले. त्यासाठी कूलरच्या खरेदीचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा बिल कूलरच्या डब्यातच, त्या काढून ठेवलेल्या दुसऱ्या पंख्याशेजारी ठेवावे.